रेडिएटरमधली हळद

आई,

आज तुझा रेडिएटर कापला. त्या लाल गाडीचा. मामांच्या शेडमागं ताडपत्रीखाली अकरा वर्षं पडून होती ती. सीटमधला फोम उंदरांनी नेला, चारी टायर बसले, हँडलच्या नळीत गांधीलमाशांनी घर केलं. रेडिएटर मात्र तू बसवलास तसाच होता, चारी नटांवर तुझ्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका. ठिपका म्हणजे हा आवळलाय, आता कुणी हात लावू नये. मी लावला. हॅक्सॉनं बाजूची टाकी कापली तर आतल्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी पिवळा लगदा वाळून बसलेला. गंज असेल म्हणून नखानं खरवडला. गंज नव्हता, आई. हळद होती. माझ्या हातून इंजिन जळलं असं अकरा वर्षं ऐकत आले, त्या इंजिनाच्या घशात तू घरच्या डब्यातली हळद कोंबली होतीस, आणि तुला ते माहीत होतं.

लिहायला वही नव्हती. गिऱ्हाइकांकडून सही करून घेतो त्या फॉर्मच्या पाठीवर लिहितेय. पुढच्या बाजूला छापलंय, ‘मी ही गाडी स्वतःच्या जबाबदारीवर चालवत आहे.’ दुपारचं ऊन आहे, मैदानावर चिटपाखरू नाही. मामा गुडघ्याचं औषध आणायला खुलताबादला गेलेत, त्यांचा मुलगा त्यांना घेऊन गेलाय. आले की पहिलं विचारतील, काय निघालं आत? त्याच्या आधी मला ठरवायचंय काय सांगायचं ते. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी हात धू.

मैदानावर भाड्यानं फिरवायला मामांनी गाड्या मागवल्या, त्यांची पहिली चार खोकी आली तो दिवस आठव. तू बजाजनगरहून सुट्टी काढून आली होतीस, डोक्याला रुमाल, हातात डबा. चीनवरून आलेली खोकी, आत लोखंडी चौकट, त्यात चाकं काढून ठेवलेली बुटकी गाडी. चार जाड टायर, मधोमध छोटं इंजिन. गिऱ्हाईक तिला एटीव्ही म्हणतं, मामा तेव्हापासून आजपर्यंत बेडूक म्हणतात. पुस्तिकेतलं कुणालाच काही कळेना, तेव्हा मामा म्हणाले, “आक्का, तूच बघ गं. आपल्यात इंजिनवाली तूच एक.” तू उकिडवी बसलीस आणि इंजिनाच्या पात्यांवरून अंगठा फिरवलास, फणीच्या दात्यांवरून फिरवतात तसा.

“ह्याला पाणी नाय?”

“नाय. हवेवर गार व्हतं.”

“मंग माझं काय काम हितं?” म्हणून हसलीस. ते हसणं माझ्या ध्यानात राहिलं, कारण तू क्वचित हसायचीस, हसलीस की हात तोंडावर न्यायचीस, आणि तुझी बोटं कायम भिजून पांढरी पडलेली असायची.

वाळूजच्या त्या कंपनीच्या शेडमध्ये तू बारा वर्षं रेडिएटर बुडवलेस. तिथं आता प्लायवूडचं गोदाम आहे, मागच्या महिन्यात जाऊन बघून आले, कशाला गेले कोण जाणे. रेडिएटरची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, हवा भरायची, पाण्याच्या टाकीत दाबून धरायचं आणि बुडबुडा येतो का बघायचं. आला की खडूनं खूण करून बाजूला. दिवसभर तेच. खालच्या अंगाचा बुडबुडा दिसत नाही, नळीला चिकटून बसतो, म्हणून तू कुंकवाच्या जुन्या डबीतला आरसा काढून सायकलच्या स्पोकला बांधला होतास. सुपरवायझर आधी हसला. मग त्यानं चार बायांना तसेच आरसे करायला लावले आणि वर साहेबाला सांगितलं, डोकं माझं. हे सांगताना तू भाकरी अशी थापलीस की शेजारच्या काकू बघायला आल्या. मी आयटीआय अर्धवट सोडून घरी बसले तेव्हा तो आरसा तू माझ्या हातात दिलास. “शाळा नाय तर नाय. डोळे तरी वापरायला शीक.” तुझ्याकडून मिळालेली तेवढी एकच वस्तू मी अजून वागवते. आज टाकीच्या आत बघायलाही तोच घातला.

हवेवरचं इंजिन मी मामांच्या मैदानावर शिकले. त्याला एकच खोड. चालतं तोवर ठीक, उभं राहिलं की तापतं. तू शेजारच्या काकूंना माझ्याबद्दल हेच सांगायचीस, पोरगी हवेवरची हाय, एका जागी ठेवली की डोक्यात जाती. मैदानावर तर उभं राहणंच जास्त. दोन फेऱ्या, मग थांबा, मग कुणाची बायको बसणार, कुणाचा फोटो निघणार, इंजिन चालूच. एप्रिलात सीटखालून झळ यायची. वेरूळची लेणी बघून आलेला एक जाडा गृहस्थ बसला आणि उडी मारून उतरला, “अरे भाई, गाडी है के तंदूर? नीचे से रोटी सेक रे क्या मेरी?” म्हणून मामांचा नियम होता. तापल्याचा वास आला की गाडी बंद करायची नाही, रिकामी एक फेरी मारून आणायची. “जा, तिला हवा खाऊ घालून आण.” उतारावर सोडली की वारा पात्यांत शिरायचा, वास जायचा, परत येईस्तोवर गाडी शहाणी. दिवसातून वीसदा मी कुठल्या ना कुठल्या बेडकाला हवा खाऊ घालायचे. मला त्या मैदानावर तेच सगळ्यात आवडायचं. मागं गिऱ्हाईक नाही, समोर म्हैसमाळकडचे डोंगर, रेसच्या खटक्यावर अंगठा पूर्ण दाबलेला. एकदा एक वानर मागच्या कॅरियरवर बसून अर्धी फेरी आलं माझ्यासोबत, उतरताना माझा रुमाल घेऊन गेलं. ते जाऊ दे.

मग लाल गाडी आली. ती मोठी, पाण्यावरची. पुढं रेडिएटर, त्याच्या मागं पंखा, आत हिरवं कूलंट, हँडलपाशी तापमानाचा लाल दिवा. तू तिच्याभोवती दोन चकरा मारल्यास. मामा येईल त्याला धरून सांगत होते, “ही आमची आक्का. कंपनीत रेडिएटर पास करती. हिच्या हाताखालून गेल्याबिगर गाडी रस्त्यावर येत नाय.” बाप आपल्याला टाकून गेल्यापासून तू मामांच्या दारात कायम अर्ध्या पायानं उभी राहायचीस, आता निघते, आता निघते, अशी. त्या दिवशी तू ओट्यावर बसलीस, चहा दुसऱ्यांदा मागितलास.

खरं सांगायचं तर गाडी होतीच तशी. पाण्यावरचं इंजिन उभं राहिलं तरी तापत नाही, पाणी फिरतं, पंखा फिरतो, गिऱ्हाइकानं खुशाल फोटो काढावेत. आवाज मऊ, चढाला ओढ. फक्त ते सांगत काही नाही. हवेवरचं कुरकुरतं, वास मारतं, ताकद सोडतं, सगळ्या गावाला कळतं की बाई तापल्यात. पाण्यावरचं आतल्या आत फिरवत राहतं आणि एके दिवशी एकदम बसतं. तुझ्यासारखं. हे वाक्य खोडणार होते, राहू देते.

पावसाळा संपता संपता खडा उडून रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात भोक पडलं. तू तो गोणपाटात गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेऊन घरी नेलास. कंडक्टर म्हणाला, “मावशी, फ्रिज घेऊन चालल्या का काय?” तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. घरी मोरीच्या भोकात चिंधी कोंबून पाणी तुंबवलंस, सायकलच्या पंपानं हवा भरलीस, मला आरसा धरायला लावलास. “दिसला का? त्यो बघ, मोहरीयेवढा.” ॲल्युमिनियमला साधा डाग देता येत नाही, आर्गॉन गॅसवर वेल्डिंग मारावं लागतं. तू म्हणालीस, कंपनीतल्या वेल्डरकडून मारून आणते. चार दिवसांनी शुक्रवारी परत आणलास. मी विचारलं, झालं? म्हणालीस, झालं. मी उलटून बघितलं नाही. तुझ्या हातून गेलेलं मी काय तपासणार होते? त्या रात्री जेवायला वरण पांढरं होतं. हळद कुठंय विचारलं तर म्हणालीस, “संपली. आनायची राहिली.” वरून मीठ घेतलं, खाल्लं, विसरून गेले. शनिवारी तू रेडिएटर गाडीवर बसवलास, ठिपके दिलेस, आणि पाणी भरायची वेळ आली तेव्हा मला म्हणालीस, “जा, मामीला चहा टाकायला सांग.”

आपल्या गावी पिशोरला ट्रॅक्टरवाले गळक्या रेडिएटरात हळद टाकतात, ती भोकात जाऊन बसते, गळती थांबते. तू त्यांना किती नावं ठेवायचीस. “भोक बुजतंय, पर नळ्या बी बुजत्यात. अडाण्यांचं काम.” ट्रॅक्टरच्या रेडिएटरची नळी निदान रुंद असते, आई. ह्या चिनी गाडीच्या नळीत काडेपेटीतली काडी जात नाही. तुझ्याइतकं हे कुणाला कळत होतं?

रविवारी मैदान भरलेलं. दिवाळीची सुट्टी. लाल गाडी सकाळपासून पळत होती. दुपारी गिऱ्हाईक उतरलं आणि मी ती रिकामी घेऊन गेले. तिसऱ्या वळणावर तिचा आवाज बदलला, कुत्रं हाड चघळतं तसा, आणि मागची चाकं जागच्या जागी अडकली. पुढून वाफ. चौघांनी ढकलत शेडपर्यंत आणली. तू आलेली होतीसच, सगळ्यांचा डबा घेऊन. गाडी गार होईपर्यंत तू रेडिएटरपाशी उकिडवी बसून राहिलीस. मग झाकण उघडलंस, आत बोट घातलंस, आणि बाहेर काढून त्याच्याकडे न बघता पदराच्या आतल्या बाजूला पुसलंस. हे मला तेव्हाही दिसलं होतं. मीही बोटं ओढणीला पुसते, त्यात काय, असं वाटलं.

“काय झालं आक्का? कालच तर बसवला तू,” मामा म्हणाले. मामी बघत होत्या, फॉर्म भरायला उभी असलेली माणसं बघत होती. तू उठलीस आणि माझ्या कानाखाली वाजवलीस.

“पाणीच नाय बघितलं हिनं. सकाळधरनं नुसती उधळतीय. म्हनलं व्हतं तुला, पोरीच्या जातीच्या हातात इंजिन देऊ नको. हिला काय कळतंय त्यातलं?”

थापडेचं काही नाही, तुझ्या थापडा मी पोटभर खाल्ल्यात. पण पोरीची जात? हे तू बोललीस? बारा वर्षं पुरुषांच्या शेडमध्ये त्यांना न दिसणारा बुडबुडा दाखवणारी तू? दुसरं काहीही म्हणाली असतीस, आळशी आहे, बेफिकीर आहे, बापावर गेलीय, चाललं असतं. तुला नेमकं माहीत होतं की ह्या एका वाक्यावर मामा पुढचा प्रश्न विचारणार नाहीत. आणि त्यांनी विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून मला गाड्यांवरून काढून ह्याच टेबलावर बसवलं, ह्याच फॉर्मांपाशी. नाव लिहा, वय लिहा, इथं सही करा. दोन महिने मी लोकांना गाड्यांवर बसताना बघितलं. मग निघून गेले. तू स्टँडवर सोडायला आलीस, डबा दिलास. बस पुढं गेल्यावर उघडला तर बटाट्याची भाजी, पिवळीधमक.

त्यानंतरचं तुला माहीत नाही. गोव्याला स्कूटर भाड्यानं देणाऱ्याकडे राहिले, हंपीला राहिले, कुठंच वर्ष धरलं नाही. शेवटी वर मनालीकडे अशाच गाड्यांच्या मैदानावर लागले. तिथं पहिले सहा महिने पाना हातात घेतला की कुणीतरी म्हणायचं, “बहनजी, आप रहने दो.” प्रत्येक वेळी मला तुझा आवाज ऐकू यायचा, त्यांचा नाही. तिथं असतानाच मामांचा फोन आला की जेवणाच्या सुट्टीत तुझ्या छातीत कळ आली. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. राख सावडून माणसं परत येत होती. मामी म्हणाल्या, “लई वाट बघितली गं तुझी.” खरं होतं का, की मला लागावं म्हणून म्हणाल्या, हे मी नऊ वर्षांत ठरवू शकले नाही.

आता मामांच्या मुलाला नव्या गाड्या घ्यायच्यात. त्यानंच मला बोलावलं. “दीदी, तू सांग, हवेवरच्या घ्यायच्या का पाण्यावरच्या? डीलर म्हणतो हवेवरचं आता कुणी विचारत नाही.” मी सांगितलं, आपल्या मैदानाला हवेवरच्याच घे. गळायला काही नाही, फुटायला काही नाही, पात्यांतला चिखल काडीनं काढत जा आणि तेल वेळेवर बदल. लांब म्हैसमाळपर्यंत चढावर फेऱ्या न्यायच्या असतील तर पाण्यावरच्या दोन घे, पण मग रोज सकाळी गार इंजिनाचं झाकण उघडून बघणारं माणूस पाहिजे, जाळीतला चिखल धुणारं पाहिजे, आणि बोअरचं पाणी घालायचं नाही, खार धरतो. तो सगळं मोबाईलमध्ये लिहून घेत होता. मामा खाटेवरून हसले, “हिला इचारतो व्हय? पहिली पाण्यावरची हिनंच तर खाल्ली!” ते हे मायेनं म्हणतात. लग्नात म्हणतात, बारशात म्हणतात, नव्या सुनेला माझी ओळख करून देताना म्हणतात. तोही हसला आणि मोबाईल खिशात ठेवला. मला त्या मोबाईल खिशात ठेवण्याचा राग आला. म्हटलं, चल, उघडूनच बघू ती लाल गाडी, काय खाल्लं मी ते. तेवढ्यात मामांचं औषध आणायचं निघालं आणि ते दोघं गेले, म्हणून टाकी मी एकटीनं कापली.

हळदच कशावरून, म्हणशील. हात धुतले ना. तुझ्या वेळची तीच कपड्याच्या साबणाची वडी असते अजून नळावर. साबण लागला आणि पिवळी बोटं लाल झाली. हळदीचा हात साबणाला लागला की काय होतं हे मला मोरीपाशी तूच दाखवलं होतंस, मी घाबरून रडले होते रक्त आलं म्हणून. गंज असा लाल होत नाही.

वेल्डरनं नाही म्हटलं असेल. सुपरवायझर हसला असेल, घरची कामं कंपनीत आणते म्हणून. आणि मामांनी तर मैदानभर सांगून ठेवलेलं, आमची आक्का. त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार होतीस की जमलं नाही? तेवढं एकच ठिकाण होतं जिथं तू ओट्यावर बसून दुसरा चहा मागायचीस. हे सगळं मला कळतं. कळलं म्हणून राग निवला, असं झालेलं नाही. तू ते ओट्यावरचं बसणं ठेवलंस आणि माझं उठवलंस. दोन वर्षं होती तुझ्या हातात. एक फोन. “अगं, तुझी चूक नव्हती.” चार शब्द. डब्यातून भाजी दिलीस.

ते आले. एवढं लिहून उठावं लागलं. मामा काठी टेकत थेट शेडमध्ये गेले, कापलेली टाकी पायानं उलटी केली. “काय निघालं गं?”

माझ्या नखांत अजून लाल होतं. तोंडात शब्द तयार होता. अकरा वर्षांनी एकदाच म्हणायचा होता, आणि मामांचा मुलगाही ऐकत होता.

“गंज,” मी म्हणाले.

“मंग? म्हनलं नव्हतं? पाणीच नाय बघितलं तू!” हसले, माझ्या पाठीत एक थाप दिली आणि आत गेले. मामेभाऊ म्हणाला, भंगारवाला उद्या येतोय. ही पानं घडी करून त्या कापलेल्या टाकीत सारते आणि वरून पत्रा ठोकते. जातील तिकडे जातील.

तुझी अब्रू राखली असं समजू नकोस. हळद म्हटलं असतं तर मामांनी पुढचा प्रश्न विचारलाच असता, ह्या खेपेला विचारला असता: पण मग लाल दिवा लागला असेल की, तो नाय दिसला तुला? लागला होता, आई. दुसऱ्या वळणाच्या अलीकडेच लागला, भर उन्हात चांगला दिसला मला. थांबावंसं वाटलं नाही. म्हटलं, तापलीय, हवा खाऊ घालते, आणि उतारावर अंगठा पूर्ण दाबला.